पेढी सोडून निघालेले वकील

गेल्या पंचवीस वर्षांत इंग्लंड आणि अमेरिका या दोन देशांत वकिलीच्या धंद्याची घडी बरीच बदलली आहे. नामांकित पेढ्यांत भरघोस वेतनावर असलेले, कित्येकदा भागीदारीच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेले वकील आपण होऊन तेथून बाहेर पडू लागले आहेत. त्यांनी वकिली सोडली असे नव्हे. कोणी घरी बसून स्वतंत्रपणे सल्ला देतो, कोणी एखाद्या कंपनीकडे सहा महिन्यांच्या बोलीने जातो, कोणी मसुदे तयार करून देण्याचा उद्योगच थाटतो. हे लोक का निघाले, आणि त्यांच्या निघण्याने सल्ला घ्यावयास येणाऱ्या सामान्य माणसाचे बरे झाले की कसे, हे पाहावयाचा आमचा विचार आहे. विषय परदेशातला खरा. परंतु त्याचे धागेदोरे मुंबईपर्यंत आणि तेथून थेट तालुक्याच्या कोर्टापर्यंत येतात, म्हणून तो येथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम पेढी म्हणजे काय ते ध्यानी घेतले पाहिजे. मुंबईच्या फोर्ट भागात सॉलिसिटरांच्या जुन्या पेढ्या आहेत. त्यांपैकी काही तर १८६२ साली मुंबई हायकोर्ट स्थापन झाले त्याच्याही आधीच्या. पाटीवर ज्यांची नावे आहेत ते गृहस्थ केव्हाच काळाआड गेले. पाटी मात्र कायम आहे, आणि अशील येतो तो त्या पाटीकडे पाहून. पेढीचे मर्म येथेच आहे. ती नाव टिकविते, अशिलांचा राबता टिकविते, नव्या माणसाला उमेदवारी करावयास जागा देते, आणि एखाद्या वर्षी काम कमी आले तर ती झळ सर्वांत वाटून घेते. एकट्या वकिलाला यांतील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या बळावर करावी लागते.

अमेरिकेत या घडणीला रेखीव रूप दिले ते न्यूयॉर्कच्या पॉल क्रवॅथ याने, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्याची रीत अशी: उत्तमोत्तम लॉ कॉलेजांतून पहिल्या क्रमांकाची मुले निवडावी, त्यांना पेढीतच तयार करावे, आणि काही वर्षांनी त्यांतील निवडकांस भागीदार करून बाकीच्यांस निरोप द्यावा. बाहेरचा वकील भागीदार म्हणून आणावयाचा नाही. चढा, नाही तर चालते व्हा, असा हा खाक्या. कठोर खरा, पण त्यात एक न्याय होता. तरुणाने तारुण्यातील वर्षे द्यावयाची आणि पेढीने त्याला विद्या द्यावयाची. जो भागीदार होत नसे तोही चांगला तयार होऊन बाहेर पडत असे आणि दुसरीकडे सन्मानाने जागा मिळवीत असे.

हा सौदा बिघडला कसा, हे सांगताना एका गृहस्थाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बोस्टन शहरात रेजिनाल्ड हेबर स्मिथ नावाचा वकील होता. तो तेथील गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. गरिबाला न्याय का मिळत नाही, याची कारणे शोधून त्याने १९१९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिरंगाई, कोर्टाचा खर्च आणि वकिलाची फी या तीन गोष्टी गरिबाच्या वाटेत आडव्या येतात, असे त्याने दाखवून दिले. अमेरिकेतील कायदेशीर मदतीच्या चळवळीचा हा पायाभूत ग्रंथ समजला जातो. त्याच वर्षी हा गृहस्थ हेल अँड डॉर या पेढीची व्यवस्था पाहू लागला, आणि तेथे त्याने प्रत्येक वकिलाला आपल्या वेळेची रोजनिशी लिहावयास लावले. तासाचे दहा भाग केले. एक भाग सहा मिनिटांचा. एखादे काम पेढीला किती खर्चात पडते हे कळावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. परंतु मोजमापाचे साधन एकदा हाती आले की त्याची किंमत लावण्याचा मोह कोणाला आवरतो? पुढे हीच सहा मिनिटे अशिलाच्या बिलावर चढली. गरिबाच्या न्यायासाठी झगडणाऱ्या माणसाच्या टाचणवहीतून तासाच्या हिशेबाची वकिली निघावी, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

तरीही पुष्कळ काळ अमेरिकेत फी ठरत असे ती कामावरून. वकीलसंघ दरपत्रक छापीत आणि त्याच्या खाली कोणी उतरत नसे. १९७१ साली व्हर्जिनिया राज्यात गोल्डफार्ब नावाच्या दांपत्याने घर घ्यावयाचे ठरविले. घराचा मालकीहक्क निर्वेध आहे की नाही हे वकिलाकडून तपासून घेणे भाग होते; आपल्याकडे सर्च रिपोर्ट घेतात तसेच ते. दर होता घराच्या किमतीच्या शेकडा एक. यापेक्षा कमी कोणी घेईल काय, असे विचारीत त्यांनी छत्तीस वकिलांना पत्रे धाडली. एकोणीस जणांची उत्तरे आली, आणि त्यांतला एकही दर उतरावयास तयार नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९७५ साली कोर्टाने निकाल दिला की असे दरपत्रक म्हणजे व्यापारातील संगनमतच होय. वकिली हा विद्वानांचा व्यवसाय असला म्हणून त्याला त्या कायद्यातून सूट नाही. दरपत्रके गेली, आणि त्यांची जागा हळूहळू तासाच्या हिशेबाने घेतली.

आता या हिशेबात तरुण वकिलाचे काय होते ते पाहा. मोठ्या अमेरिकन पेढ्यांत वर्षाला एकोणीसशे ते दोन हजार तासांचे काम अशिलाच्या बिलावर लागले पाहिजे, अशी अपेक्षा सर्रास असते. दोन आठवड्यांची रजा वजा केली तर हे आठवड्याला चाळीस तास होतात. ऐकावयास ते फारसे वाटत नाही. पण जेवण, सहकाऱ्याशी बोलणे, स्वतःच्या ज्ञानासाठी केलेले वाचन, नव्या माणसाला समजावून देण्यात गेलेली दुपार, यांतले काहीच बिलावर चढत नाही. चाळीस तास भरावयाचे तर कचेरीत पंचावन्न-साठ तास बसावे लागते. शिवाय एक विपरीत गोष्ट अशी की, जो वकील चार तासांचे काम दोन तासांत उरकतो तो पेढीच्या वहीत आळशी ठरतो! ज्या घरी लहान मूल आहे, आजारी सासू आहे, तेथल्या वकीलबाईंना हा हिशेब पहिल्यांदा असह्य झाला यात नवल नाही. कॉलेजातून पेढीत येताना स्त्रिया आणि पुरुष जवळजवळ बरोबरीने येतात. भागीदारांच्या यादीत मात्र स्त्रियांची संख्या बरीच कमी दिसते. मधल्या पायरीवर त्या कोठे गेल्या, याचे उत्तर बरेचसे या वहीतच आहे.

बाहेर पडावयाचे तर अशील मिळणार कसा? येथे दोन तरुणांनी वाट पाडली. बेट्स आणि ओस्टीन हे ॲरिझोना राज्यातील कायदेशीर मदतीच्या एका संस्थेत नोकरीस होते. १९७४ साली त्यांनी नोकरी सोडून फीनिक्स शहरात मध्यम स्थितीतील लोकांसाठी 'लीगल क्लिनिक' उघडले. फी थोडी ठेवावयाची तर अशील पुष्कळ हवेत, आणि अशील पुष्कळ हवेत तर लोकांना दर कळला पाहिजे. म्हणून फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: परस्परसंमतीच्या घटस्फोटाला १७५ डॉलर, नाव बदलावयाला ९५ डॉलर, कोर्टाचा आकार वेगळा. वकिलाने जाहिरात देणे निषिद्ध होते. शिस्तभंगाची कारवाई झाली. पण १९७७ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी जाहिरातीवरची ती सरसकट बंदी रद्द केली. दर लपविण्यात प्रतिष्ठा आहे आणि सांगण्यात कमीपणा, ही समजूत कोर्टाला पटली नाही. आम्हालाही पटत नाही.

यानंतरची मोठी लाट नव्या शतकातली. २००० साली न्यूयॉर्कमध्ये ॲक्सिअम नावाची संस्था निघाली. तिच्या दोघा संस्थापकांपैकी मार्क हॅरिस हा मोठ्या पेढीतून बाहेर पडलेला वकील होता. येथे भागीदार नाहीत, उंची गालिचे नाहीत. अनुभवी वकील कंपन्यांच्या कायदा-खात्यांकडे काही महिन्यांकरिता पाठवावयाचे, काम संपले की ते मोकळे. पुढचे काम घ्यावयाचे की दोन महिने गावी जाऊन राहावयाचे, ते त्यांनीच ठरवावे. २००२ साली इंग्लंडात जेम्स नाइट याने जी संस्था काढली ती आज कीस्टोन लॉ म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून तिचे भाग लंडनच्या शेअरबाजारात आहेत. तेथील वकील पगारी नाहीत. आपापल्या घरून स्वतंत्रपणे काम करतात. पत्रव्यवहार, हिशेब, विमा आणि नाव हे संस्थेचे. वकिलाने केलेल्या बिलातील पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला मिळते. जुन्या पेढीतला ठोकताळा असा की तरुण वकिलाने आणलेल्या रकमेचे तीन वाटे करावे: एक त्याचा पगार, एक कचेरीचा खर्च, एक भागीदारांचा नफा. एक तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांतील अंतर ज्याला दिसले, तो पेढीत का रमेल? अर्थात अशील आला नाही तर पंचाहत्तर टक्के कशाचे, हा प्रश्न त्याने रात्री स्वतःला विचारावयाचा असतो. पेढी जी झळ वाटून घेत होती, ती आता एकट्याच्या पाठीवर येते. मोकळीक मिळते ती या भावाने.

वकिलाने आपली मोकळीक मिळविली इथपर्यंत आमची तक्रार नाही. पण वकिलीत बाहेरचे भांडवल शिरले, की गोष्ट वेगळी होते. इंग्लंडमध्ये क्लेमेंटी यांच्या २००४ च्या अहवालानंतर २००७ साली नवा कायदा झाला, आणि २०११-१२ पासून वकील नसलेल्यांनाही वकिलीच्या संस्थेचे मालक होता येऊ लागले. पहिल्या परवान्यांत एक परवाना सहकारी भांडारांच्या चळवळीतून निघालेल्या संस्थेला मिळाला, हे सहकाराच्या या महाराष्ट्रात सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलिया त्याही पुढे होती. स्लेटर अँड गॉर्डन ही कामगारांचे खटले चालविणारी जुनी पेढी मे २००७ मध्ये शेअरबाजारात आली; जगात असे प्रथमच घडले. भागधारकांना दरसाल वाढ हवी, म्हणून पेढ्यांमागून पेढ्या विकत घेणे सुरू झाले. २०१५ साली इंग्लंडमधील एक मोठा उद्योग साठ कोटी पौंडांहून अधिक किमतीस घेतला, आणि तो अंगाशी आला. पुढच्याच वर्षी तोटा शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर गेला. भागाची किंमत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली. कॅलिफोर्नियात २०१७ साली ॲट्रियम नावाची संस्था निघाली. संगणक आणि वकील यांची सांगड घालून फी उतरवू, असे तिने सांगितले आणि कोट्यवधी डॉलर जमविले. मार्च २०२० मध्ये तिने दुकान बंद केले. असे असूनही बेट्सच्याच ॲरिझोना राज्याने २०२१ पासून बाहेरच्या मालकीला दार उघडले, आणि २०२५ साली तेथे केपीएमजी या हिशेबतपासनिसांच्या जगड्व्याळ संस्थेलाही परवाना मिळाला.

या सर्व नव्या संस्थांत एक गोष्ट सारखी आहे, आणि आमच्या मते प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. त्या तयार वकील घेतात; वकील तयार करीत नाहीत. ॲक्सिअमला किंवा कीस्टोनला हवा असतो तो दहा-पंधरा वर्षे काम केलेला माणूस, आणि तो घडलेला असतो त्याच जुन्या, कठोर, तासांच्या हिशेबाच्या पेढीत. तेथे कोणा भागीदाराने त्याचा मसुदा तांबड्या शाईने रंगवून परत दिला, कोणी त्याला साक्षीपुराव्याच्या दिवशी मागच्या बाकावर बसविले. कायदा पुस्तकात असतो, पण वकिली पाहून शिकावी लागते. साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारू नये, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? सर्वांनीच तयार फळ तोडावयाचे ठरविले तर कलमे लावणार कोण?

त्यात आता नवी भर पडली आहे. २०२२ साली निघालेल्या हार्वी या संस्थेचा एक संस्थापक विन्स्टन वाइनबर्ग हाही पेढीतून बाहेर पडलेला तरुण वकीलच. तिची यंत्रे करारनामे वाचतात, निवाडे शोधतात, कच्चा मसुदा पुढे ठेवतात. म्हणजे उमेदवाराने पहिल्या तीन-चार वर्षांत करावयाचे नेमके तेच काम. अशिलाचे पैसे वाचतील यात शंका नाही. पण जे कंटाळवाणे काम करता करता माणूस तयार होत होता ते नाहीसे झाले, तर तो तयार कशाने व्हावा, याची तजवीज वेगळी करावी लागेल.

आता आपल्याकडे वळू. येथे पहिली गंमत अशी की, आपल्याकडील बहुसंख्य वकील पेढीत कधी नव्हतेच. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल मांडून बसणारा वकील हा पूर्वीपासूनच स्वतःचा मालक आहे. त्याच्या वेळेची वही कोणी तपासत नाही. मात्र लंडनच्या स्वतंत्र वकिलामागे जो विमा, जे ग्रंथालय आणि जी हिशेबाची व्यवस्था उभी असते, त्यांतले याच्यामागे काही नसते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या पेढीला चुकीच्या सल्ल्याबद्दलचा विमा उतरविणे सक्तीचे आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, आणि मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलाची सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला. म्हणजे चुकीची झळ येथे अखेर अशिलालाच बसते.

मोठ्या पेढ्याही आपल्याकडे अलीकडच्याच. १९५६ च्या कंपनी कायद्यान्वये वीसपेक्षा अधिक भागीदारांची पेढी करता येत नव्हती. ती अडचण २००८ च्या मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी कायद्याने दूर झाली. दरम्यान २००४ साली पँजिया थ्री नावाची संस्था निघाली. अमेरिकन कंपन्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम ती मुंबईतल्या तरुण वकिलांकडून करून घेई. २०१० मध्ये ती थॉम्सन रॉयटर्सने घेतली आणि २०१९ मध्ये ई-वाय या संस्थेकडे गेली. आपल्या कितीतरी मुलांना येथे पहिला नियमित पगार मिळाला. पण दुसऱ्याच्या देशातील कराराची कलमे न्याहाळीत बसलेला मुलगा कोर्टाची पायरी किती वेळा चढणार?

स्वतंत्र उद्योग काढणाऱ्या वकिलापुढे येथे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखालील बार कौन्सिलचे नियम उभे राहतात. छत्तिसावा नियम जाहिरात करू देत नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्याची मुभा मिळाली. सत्तेचाळिसावा नियम वकिलाला स्वतः धंदा चालवू देत नाही. फार तर निष्क्रिय भागीदार व्हावे. एकोणपन्नासावा नियम पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही. वकील नसलेल्याशी फी वाटून घेता येत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने तर इंटरनेटवर वकील जुळवून देणाऱ्या संस्थांविरुद्धही पावले उचलावयास बार कौन्सिलला सांगितले. (लोकमान्य टिळक १८७९ साली एल्एल्.बी. झाले, पण १९०८ मध्ये स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण सोडले तर कोर्टात वकील म्हणून त्यांचे नाव झाले नाही. चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला आणि लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी केली. सनद घेऊन बसले असते तर त्या कारखान्यात त्यांना आजच्या नियमाने निष्क्रिय भागीदार होऊनच राहावे लागले असते. आणि टिळक निष्क्रिय ही कल्पना कोणाला करवेल?)

हे सगळेच नियम मोडीत काढावे असे आमचे म्हणणे नाही. बाहेरच्या भांडवलदाराशी फी वाटून घेण्याची बंदी राहू द्यावी. ऑस्ट्रेलियातील उदाहरण ताजे आहे. वकिलाने अशिलाचे हित पाहावे की भागधारकाचे, हा पेच आपल्या कोर्टांत आणण्याची घाई नको. पण दर सांगण्याची मनाई कशासाठी? सर्च रिपोर्टला किती, मृत्युपत्राच्या मसुद्याला किती, भाडेकराराला किती, असा साधा फलक वकिलाच्या दारावर लागला तर कोणाची अब्रू जाणार आहे? खेड्यातून आलेला माणूस वकिलाकडे उशिरा येतो, त्याचे एक मोठे कारण आत गेल्यावर किती मागतील याची धास्ती हे असते. एकट्याने काम करणाऱ्या होतकरू वकिलाचाही यात लाभच आहे, कारण त्याच्यापाशी जुन्या पाटीचे वजन नसते.

उरला उमेदवारीचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने एक पत्रक काढून ज्युनिअर वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले. ही शिफारस आहे, सक्ती नाही. शिकविण्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे, हे निदान त्यात मान्य झाले. पण ज्या वरिष्ठ वकिलाची स्वतःचीच मिळकत हंगामी, त्याने दरमहा पंधरा हजार कोठून आणावयाचे? तो ज्युनिअर ठेवणेच बंद करील, ही भीती पोकळ नाही. वकीलसंघाने सामाईक निधी उभारून त्यातून अर्धा वाटा द्यावा, असे आम्हास वाटते. सनद घेऊन दरसाल येणारी मुले किती, त्यांना हाताशी घेऊ शकतील असे वकील किती, आणि त्यासाठी निधी किती लागेल, हा हिशेब ज्या त्या गावच्या वकीलसंघालाच बसून मांडावा लागेल.